आरतीच्या हबवरच्या खाचा

मागच्या चाकावर गिअर दाबून धरणारी लॉकरिंग पहिल्याच हिसक्यात सुटली, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. लॉकरिंग इतक्या सहज सुटायला नको. आणि ती सुटल्यावर गिअरच्या चकत्या हाताने ओढल्या की घसरत बाहेर यायला हव्यात. त्या मात्र जागच्या हलेनात.

"काका, काऊन नाई निघून राहिलं?" आरतीने विचारलं.

"निघते, थांब जरा," मी म्हटलं. आवाज नेहमीचाच ठेवला.

आरती मडावी एकोणीस वर्षांची. सालेकसा तालुक्यातली, वडील वनमजूर. कचारगडच्या बाजूच्या चढांवर तिचा सराव चालतो. राज्याच्या टीमची निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती, तीही चढाच्या रस्त्यावर. तिच्यासोबत तिच्या कॉलेजचे पी.टी. शिकवणारे पटले सर आले होते. त्यांच्या हातात दोन डबे होते. दोन्हींत टायटॅनियमचे गिअर. नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराने पाठवले होते, एक ठेवून दुसरा परत करायचा होता. कोणता ठेवायचा ते मी सांगायचं, एवढंच माझं काम.

फुलचूरच्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. त्यातली पंचवीस वर्षं काळ्या, बिनगिअरच्या सायकलींत गेली. गिअरच्या सायकली अलीकडच्या.

हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो भाग. मागच्या हबला एका बाजूने नळीसारखा तुकडा असतो आणि त्यावर उभ्या पट्ट्या असतात. गिअरच्या चकत्यांना आतून तशाच खोबणी असतात. चकत्या पट्ट्यांवर सरकवायच्या आणि वरून आट्यांची लॉकरिंग कसायची, झालं काम. साध्या सायकलीला ही नळी लोखंडी असते. आरतीची अ‍ॅल्युमिनियमची होती. नागपूरच्या एका ताईने रेसिंग सोडल्यावर आपलं चाक तिला देऊन टाकलं होतं. हलकं, सुंदर चाक. महिन्याभरापूर्वी मीच तिच्या जुन्या चाकावरचे स्टीलचे गिअर त्याच्यावर बसवून दिले होते. जुन्या चाकाच्या रिमला तडा गेलेला, ते मी भंगारात टाकलं. म्हणजे आता तिच्याकडे हे एकच चाक.

मी लाकडी ठोकळी घेतली आणि मागून हळूहळू ठोकत एकेक चकती काढली. शेवटची निघाली आणि नळी उघडी पडली. पट्ट्यांवर ओळीने खाचा पडल्या होत्या. प्रत्येक चकतीने आपापल्या जागी अ‍ॅल्युमिनियम चावलं होतं.

पटले सरांनी वाकून पाहिलं. "अरे बाप रे! हे तं पूरा खा के रखा है. त्या ताईनं खराब माल देला वाटते. मी आत्ताच फोन लावतो."

त्यांनी खिशातून मोबाइल काढलासुद्धा. आणि मला खोटं बोलायचं नाही, अर्धा मिनिट मी गप्प राहिलो. फोन लागला असता, ताई बिचारी ओशाळली असती आणि उके काकाचं, म्हणजे माझं, नाव कुठेच आलं नसतं.

"थांबा सर," मी म्हटलं. "हब चांगलाच होता. चूक माझी आहे."

ती चूक समजायला काळी सायकल समजावी लागते. तिच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील असतं. ते आट्यांवर फिरवून बसवतात, आणि आटे अशा दिशेने असतात की पायडल मारलं की ते आणखी घट्ट होत जातं. म्हणून आमच्याकडचा कोणताही मिस्त्री फ्रीव्हील पाना लावून कसत बसत नाही. हाताने फिरवतो, गिऱ्हाइकाला म्हणतो, 'दोन किलोमीटर मार, आपोआप टाइट होते.' मी ज्यांच्या हाताखाली शिकलो तेही हेच म्हणायचे. पुढे मी ज्यांना शिकवलं तेही हेच म्हणतात.

गिअरच्या लॉकरिंगचं तसं नाही. ती पायडलने कसली जात नाही. जेवढी तुम्ही कसाल तेवढीच. आरतीची लॉकरिंग मी हाताने फिरवली, पान्याने नावाला एक हिसका दिला आणि वरून तोच दोन किलोमीटरचा सल्लाही दिला. ढिल्या चकत्या चढावर प्रत्येक पायडलला कटकट आवाज करत पुढे-मागे हलल्या. चकती कडक स्टीलची, पातळ. पट्टी नरम अ‍ॅल्युमिनियमची. व्हायचं तेच झालं.

हे सगळं मी सांगितलं. सर मोबाइल हातात धरून उभेच. आरती खाचांवरून बोट फिरवत होती.

"तुमी दोन किलोमीटर म्हटलं होतं, काका," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी पंधरा मारली. म्हटलं, चांगली टाइट होईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"हा हब गेला तं माह्याकडे दुसरा चाक नाई," ती म्हणाली. "मले खरं सांगा, चालेल का नाई?"

मी चष्मा लावून नीट पाहिलं. खाचा लांबून भयंकर दिसत होत्या, पण खोल नव्हत्या. पट्टीचा बराचसा भाग शाबूत होता. बारीक कानस घेतली आणि फक्त वर आलेली धार घासली. खाच भरून काढायला जायचं नसतं. तिथे जास्त घासलं की पट्टीच बारीक होते. तास गेला. हब जगला होता. पण वरती पुन्हा तशाच सुट्या चकत्या बसवल्या असत्या, तर त्या जुन्या खाचांतच जाऊन बसल्या असत्या.

म्हणून कोणता डबा ठेवायचा, हा प्रश्न आता नुसत्या वजनाचा राहिला नव्हता.

पहिल्या डब्यात सगळ्या चकत्या टायटॅनियमच्या आणि सगळ्या सुट्या. दुसऱ्यात मोठ्या चकत्या टायटॅनियमच्या, पण एका रुंद अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीवर रिव्हेट मारून जोडलेल्या, आणि लहान चकत्या स्टीलच्या. शेजारच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर दोन्ही डबे ठेवले. पहिला चाळीस ग्रॅमने हलका.

"तं मंग लाइटवालाच घ्या ना काका," सर म्हणाले. "सोचून काय राहिले? टायटॅनियम आहे. मजबूत राहते."

"मजबूत आहे, म्हणूनच भीती आहे," मी म्हटलं. "चकतीला काही नाही होणार. ती ज्याच्यावर बसते त्याचं काय?"

मी त्यांना पाण्याची बादली दाखवली. भरलेली बादली बारीक तारेच्या कडीने उचलली तर बोटं कापतात. त्याच कडीवर जाड लाकडी मूठ असली तर कापत नाहीत. वजन तेवढंच, पण ते पसरतं. सुटी चकती म्हणजे बारीक तार. रुंद बैठक म्हणजे मूठ. आणि चढावर माणूस मागची सगळ्यात मोठी चकती वापरतो. तिथे हबला पीळ सगळ्यात जास्त बसतो. म्हणून मोठ्या चकत्या तरी बैठकीवर हव्यातच. ती बैठक रुंद होती, जुन्या खाचा ओलांडून शाबूत पट्टीला धरणार होती. लहान चकत्यांना पीळ कमी, पण झीज जास्त. टायटॅनियम स्टीलपेक्षा लवकर झिजतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे स्टीलच बरं.

"पर चाळीस ग्राम?" सरांचा जीव अजून काट्यावरच होता.

मिठाईवाला मध्येच बोलला, "दो पेढे समझ लो, सर."

आरती पहिल्यांदा हसली. "मंग मी त्या दिवशी दोन पेढे कमी खाईन. हाच बसवा."

"मीच बसवू?" मी विचारलं. नको म्हणाली असती तर मला वाईट वाटलं असतं, पण तिचं काही चुकलं नसतं.

"मंग कोन बसवन?" ती म्हणाली. "काय चुकलं ते तुमालेच तं मालूम आहे."

दुसऱ्या डब्यात एक पातळ कडी होती. सरांनी ती पॅकिंगचा वायसर समजून बाजूला ठेवली होती. आरतीची नळी अकरा चकत्यांसाठी लांब केलेली, सेट दहाचा. ती कडी आधी घातली नाही तर लॉकरिंग पूर्ण कसूनही चकत्या ढिल्या राहतात. आधी कडी घातली. मग पट्ट्यांना ग्रीसचा पातळ हात दिला. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये पाणी गेलं, की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून सडू लागतं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांमधून सायकल चालवायची म्हणजे पाणी जाणारच.

आता कसायची पाळी. लॉकरिंगवर किती जोर हवा ते तिच्यावरच कोरलेलं असतं: चाळीस न्यूटन मीटर. इतकी वर्षं तो आकडा मी नक्षी समजून सोडून देत होतो. जोर मोजणारा पाना माझ्याकडे नव्हता, तो मोटारसायकलच्या गॅरेजमधून मागून आणला. ठरलेला जोर लागला की तो 'टक्' करतो.

आधी मी साध्या पान्याने माझ्या अंदाजाने कसलं. दात-ओठ खाऊन कसलं. मनात म्हटलं, झालं चाळीस. मग मोजणारा पाना लावला. टक् झालंच नाही. आणखी फिरवलं, तरी नाही. जवळजवळ पाव फेरा गेला तेव्हा कुठे टक् वाजलं. पान्यासोबत आलेला गॅरेजवाला हसत होता.

"आता किती किलोमीटर मारू?" आरतीने विचारलं. टोमणा होता, आणि तो मला लागला.

"वाटेल तेवढी मार. त्यानं टाइट होणार नाही. पण चार दिवसांनी घेऊन ये, मला उघडून पाहायचं आहे."

चार दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, "पोरीची परीक्षा आहे का तुमची?"

आरती आली तेव्हा चाक चिखलाने माखलेलं होतं. चारही दिवस तिने चढ मारले होते. लॉकरिंग सोडायला या वेळी दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. मी मोठ्या चकत्यांची बैठक दोन बोटांनी धरली आणि ओढली. ती लोण्यातून निघाल्यासारखी बाहेर आली. पट्ट्या पुसून उन्हात धरल्या. जुन्या खाचा होत्या तशाच. नवी एकही नव्हती.

"काय म्हनते?" आरतीने विचारलं.

"जा," मी म्हटलं. "खुशाल जा."

चाचणीच्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. टीममध्ये चौघी घ्यायच्या होत्या. आरती तिसरी आली होती. मग तिने फोन घेतला. "काका, झाली मी! चढावर एकदाबी आवाज नाई आला मागून." मला वाटलं ती पुढे निवडीबद्दलच बोलेल, ती हबबद्दल बोलत होती. दुकानात कुणी नव्हतं ते बरं झालं. डोळे पुसायला हातात ग्रीसचं फडकंच होतं.

त्याच आठवड्यात मी जोर मोजणारा पाना विकत घेतला. गिऱ्हाईक अजूनही येतात, दुकानाची पाटी बघतात आणि म्हणतात, तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणजे काळजी नाही. मी त्यांना आधी विचारतो, सायकल कोणती आहे. तीसपैकी पंचवीस वर्षं दुसऱ्याच सायकलीची आहेत.