अकरा बाहुल्यांचा वर्ग

समजा, तुमच्या घरात अकरा बाहुल्या आहेत आणि त्या विकायच्या आहेत. पोरगी मोठी झाली, बाहुल्या लहानच राहिल्या. तुम्ही मोबाईल घेऊन जुन्या वस्तू विकायचं ॲप उघडता. ते आधी फोटो मागतं. आता सांगा, बाहुलीचा फोटो काढताना तुम्ही काय बघाल? डोळे बघाल, केस बघाल. चेहरा तरी नक्कीच बघाल.

वैजयंतीनं कॉलर बघितली.

तिचं तरी काय चुकलं? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून कॉलर बसवते. तिथं मालाचे फोटो काढायची एक रीत आहे. आधी समोरून, कॉलर सरळ आणि बटणपट्टी मधोमध. मग पाठ. मग कपडा उलटा करून आतली शिवण. कपडा चढवलेल्या पुतळ्याला मुंडकं असो नसो, गिऱ्हाइकाला त्याचं काय! आणि या बाहुल्यांच्या अंगावर गणवेशच तर होते. कटिंग मास्तर धुळाप्पा उरलेले तुकडे बाजूला काढून ठेवायचे. "घे वैजू, तुज्या पोरीच्या बाहुल्यांच्या शाळेला," म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत भाकरी पटकन उरकून ती त्या तुकड्यांतून वीतभर स्कर्ट आणि बोटभर टाय शिवायची. निळा चौकडा, मरून पट्टे, पोपटी काठ. कुठल्या कुठल्या गावच्या शाळांचे रंग बुधवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत येऊन बसले होते.

फोटो टाकले आणि पहिला फोन मोहोळहून आला.

"ताई, अठ्ठावीस नंबर हाय का? पोरगं सातवीला हाय."

"न्हाय हो दादा, सगळेच बारके हायत. वीतभर."

"वीतभर? तान्ह्या लेकराला कुटली शाळा घेती?"

"अवो, बाहुल्या हायत त्या."

"मग फोटोत बाहुल्या कुटं हायत?"

फोन ठेवल्यावर बुद्धप्रियानं आईचा मोबाईल ओढून घेतला आणि ती हसत सुटली. "मम्मी, सगळ्यांची मुंडकी उडवलीस की!"

"शिवण बघ की. एक टाका सरकला न्हाय."

"शिवण कोण बघतंय? बाहुलीचं तोंड बघून घेत्यात लोक."

मग तिनं सगळ्यांना भिंतीला टेकून दोन रांगांत बसवलं, पुढची रांग बुटक्यांची, मागची उंचांची, आणि नवा फोटो टाकला. बाहुल्या विकायचं तिनंच काढलं होतं. पुढच्या वर्षी दहावी, पुस्तकांना फळी हवी. फक्त एक अट घातली होती.

"विक. पण वर्ग फोडायचा न्हाय. गेल्या तर सगळ्या एकाच घरी."

"बरं," वैजयंती म्हणाली.

हे 'बरं' तिला जड होतं. शाळांना सुट्टी लागते तेव्हाच गणवेशाचा हंगाम भरात येतो. जून उजाडायच्या आत माल दुकानात पोचायला हवा, म्हणून एप्रिल-मे मशीनला उसंत नसते. वडील नवनाथ दिवसभर रिक्षावर. घरी पोरगी, शेजारच्या सोनाबाईंची जाता-येता नजर, आणि बाहुल्या. "मम्मी, आज लवकर ये," प्रिया म्हणायची. वैजयंती "बरं" म्हणायची. "मम्मी, रविवारी माझ्या शाळेत ये." "बरं." त्यातलं एकही 'बरं' खरं झालं नाही. पुढं पोरीनं मागणंच सोडलं. रुसली-फुगली नाही, आपली आपण वाढली. त्यामुळं कितीतरी वर्षांनी तिनं काही मागितलं होतं, ते हे. हा शब्द जाऊ द्यायचा नाही, एवढं वैजयंतीनं ठरवून टाकलं.

दुसरा फोन जुळे सोलापूरच्या एका बाईंचा. वाढदिवस होता कुणाचा तरी. "त्या सोनेरी केसांच्या दोनच द्या. म्हणाल ती किंमत देते."

"दोन न्हाय देता येणार, बाई. घेतल्या तर सगळ्या."

"बाकीच्या जुनाट दिसताहेत हो. काय करू त्यांचं?"

"मग ऱ्हाऊ द्या. वर्ग फुटतो."

"काय फुटतं?"

वैजयंतीनं फोन ठेवला. प्रिया घरात नव्हती. आपण नाही म्हणालो, हे तिनं पोरीला सांगितलंही नाही.

रविवारी ॲपवरचा फोटो बघून अक्कलकोटहून गौरम्मा आल्या. वयस्कर, ठसठशीत कुंकू, काखेत पिशवी आणि हाताशी पाच वर्षांची नात. चहा होईपर्यंत नात बाहुल्यांसमोर उकिडवी बसली. मग एकीच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, "हेसर एन?"

"नाव विचारतीय," गौरम्मा म्हणाल्या. "नाव कळल्याबिगर हात लावत नाही बघा ती कुणाला."

त्या बाहुलीच्या स्कर्टला किती चुण्या आहेत, टायला कुठल्या रंगाचा दोरा आहे, सगळं वैजयंतीला पाठ होतं. नाव माहीत नव्हतं. एकीचंही नाही.

तिनं क्लासला गेलेल्या प्रियाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"प्रिया, नावं सांग गं यांची. ही, हिच्या स्कर्टला उलट्या चुण्या हायत..."

"चुण्या काय सांगतीस मम्मी, नाक सांग!"

"नाक? चपटं हाय."

"ती परिमल. तिला गणित येतं, पण उठून सांगत न्हाय."

"आणि ही, भुवया जाड?"

"ती मॉनिटर! रेश्मा. पोरींची नावं फळ्यावर लिहिती आणि सोताच बडबड करती."

एकेक नाव येत गेलं. नात प्रत्येक नाव कानडी हेल काढून म्हणायची आणि बाहुलीला मांडीवर घ्यायची. कोण डबा पहिल्याच तासाला संपवते, कुणाचं कुणाशी वाजतं, सगळं प्रिया सांगत होती. घरात इतकं बोलताना वैजयंतीनं तिला कधी ऐकलं नव्हतं.

"अव्वा, केवढं आठवतंय पोरीला!" गौरम्मा म्हणाल्या.

शेवटी पिवळ्या रिबिनीची उरली. "ती सारखी आजारी असती," प्रिया म्हणाली. "पण पालकसभेला हमखास येती."

"पालकसभा?"

"मग! शाळा म्हटल्यावर पालकसभा नको? लई गर्दी व्हायची. सगळ्यांच्या आया यायच्या. मम्मी, सर आले, ठेवते."

खोक्यात दहाच बसल्या. अकरावी, परिमल, नातीनं छातीशी धरली होती, ती काही केल्या सुटेना. सगळ्यांचे पैसे मोजून गौरम्मा खोकं आणि नातीला घेऊन रिक्षात बसल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत वैजयंती दारात उभी राहिली.

संध्याकाळी प्रिया रिकाम्या फळीवर पुस्तकं लावत होती.

"गेल्या सगळ्या?"

"सगळ्या. एकाच घरी."

"हां," प्रिया म्हणाली. हातातलं पुस्तक फळीवर ठेवून म्हणाली, "थँक्यू मम्मी."

वैजयंती भाकरी थापायला बसली. शब्द पाळला होता, जिवाला बरं वाटत होतं. पण हात चालत होते तसं डोकंही चालत होतं. अकराच्या अकरा बाहुल्या विद्यार्थिनी. बाई म्हणजे प्रिया स्वतः. घरात मोठी बाहुली एकही नव्हती, मोठं माणूसही कुणी नसायचं. मग त्या पालकसभेला आई म्हणून कोण यायचं? आणि यायची ती वेळेवर यायची का?