बहिऱ्या शिपायाचं काम

हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी स्टोअरकीपर आहे. शारजातल्या एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. माझं गाव संगमेश्वरकडे. मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा मी इकडे आलो, आता तो चौदाचा आहे. दर दोन वर्षांनी महिनाभर घरी जातो. बाकी फोन.

गावात असताना देवळाच्या उत्सवात मी नाटकात काम करायचो. विनोदी काम माझ्याकडेच यायचं. मी मांडवात नुसता उभा राहिलो तरी पुढच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. इथे हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे हेल्परांना मी आमच्या सेफ्टी ऑफिसरची नक्कल करून दाखवत होतो. सगळे एकदम गप्प झाले म्हणून वळून बघितलं, तर मागे ऑफिसातले पुण्याचे इंजिनिअरसाहेब उभे. मला वाटलं, खलास. ते म्हणाले, "नाटकात कामं केलीत का तुम्ही?"

दुबईतल्या करामा भागात त्यांच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. त्यांची बायको मुलांचं नाटक बसवत होती. "पाठांतर चोख आहे," साहेब म्हणाले, "पण विनोदी नाटक आहे आणि कुणी हसत नाही. एक रविवार येता का?"

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी बस आणि मग मेट्रो करत करामाला गेलो. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला होता आणि आठ मुलं ओळीत उभी होती. नाटक वहिनींनीच लिहिलेलं. खेड्यातली शाळा, पोरं कमी, इन्स्पेक्टर येणार म्हणून मास्तर शेजारच्या गावातनं पोरं उसनी आणतात. शाळेचा शिपाई बहिरा. इन्स्पेक्टर म्हणतो, "पट आणा." शिपायाला ऐकू येतं पाट. तो पाट आणतो, मांडतो आणि साहेबाला जेवायला बसवतो.

शिपायाचं काम वहिनींच्या अकरा वर्षांच्या मुलीकडे होतं. डोळे फिरवून, कंबर वाकवून ती बोलत होती आणि इतर मुलं कंटाळून बघत होती. मी तिला थांबवलं तर म्हणाली, "अंकल, व्हॉट इज फनी हिअर?"

पट म्हणजे काय तिला माहीत नव्हतं. पाटही नव्हता. मी दोन्ही सांगितलं. मग बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल मागून घेतलं आणि म्हणालो, "तू हसवू नकोस कुणाला. साहेब लांबून आलाय. उन्हातनं आलाय. तो काहीतरी मागतोय, ते तुला नीट ऐकू आलेलं नाही. तुला वाटतं, भुकेला असणार बिचारा. त्याची सोय कर."

मग मीच करून दाखवलं. स्टूल पुसलं, जमिनीवर ठेवलं, डुगडुगतंय का बघितलं, खाली कागदाची घडी सारली. इन्स्पेक्टर झालेला मुलगा ओरडत होता, "पट, पट," आणि मी मान हलवत होतो, "बसा हो, गरम वाढायला सांगतो." आठही मुलं हसली. वहिनी ओट्याशी चहा गाळत होत्या, त्या गाळणी हातात घेऊन दारात आल्या. मला काय झालं कोण जाणे, मी ते सगळं पुन्हा केलं.

त्यानंतर दर रविवारी गेलो. मुलं मला लिफ्टपाशी घ्यायला यायची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण तालमीत गाडी बरोबर मराठीवर यायची. एकदा मधल्या सुट्टीत बिस्कीट खाता खाता त्या मुलीने विचारलं, "अंकल, त्याला काहीच ऐकू येत नाही. इजंट ही लोनली?"

मी म्हणालो, "तो आपल्या कामात असतो गं." तिला ते पटलं नाही. तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्या दिवसांत घरी फोन केला की बोलणं ठरलेलं. "जेवलास?" "हो." "अभ्यास झाला?" "हो." "आईकडे दे." मुलगा वाईट नाही. पण माझ्याशी काय बोलायचं हे त्याला सुचत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नाही.

कार्यक्रमाला शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. मी विंगेत उभा होतो. कुणाच्या तरी देवघरातला खराखुरा पाट आणला होता. तो पुसून मुलीने खाली कागदाची घडी सारली आणि हॉल हसला. लोक थांबेपर्यंत ती थांबली. हे मी शिकवलं नव्हतं.

संपल्यावर सगळी कुटुंबं फोटोसाठी स्टेजवर गेली. एका बाईंनी माझ्या हातात मोबाईल दिला. "भाऊ, जरा काढता का?" मी तीन फोटो काढले, एक आडवा. मुलगी म्हणाली, "अंकल, यू आल्सो कम." वहिनी म्हणाल्या, "अगं, त्यांना बस पकडायचीय, उशीर होतोय." ते खरंही होतं. शारजाच्या रस्त्यावर बस दीड तास अडकली. उभं राहूनच आलो. खोलीत सांगायचं होतं काय झालं ते, पण एक जण मोबाईलवर क्रिकेट बघत होता आणि बाकीचे फोनवर आपापल्या घरी बोलत होते.

वहिनींनी मला तालमीचा एक व्हिडिओ पाठवला. मी स्टूल पुसतोय आणि मागे मुलं हसताहेत. तो मी बायकोला पाठवला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्याने चार वेळा बघितला. विचारत होता, बाबा असे आहेत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, होते."

मे महिन्यात सुट्टीवर गेलो. एका संध्याकाळी बायको म्हणाली, करून दाखवा ना त्याला. पडवीत पाट होताच. मी पुसला, मांडला, कागद सारला. बायको हसली. मुलगा खांबाला टेकून नीट बघत होता. मी दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे बाबा. व्हिडिओत बरं होतं." मग माझं तोंड बघून हळूच म्हणाला, "तिथे पोरं होती ना, म्हणून असेल."

मी पाट आत नेऊन ठेवला. राग आला नाही. त्याचं बरोबरच होतं. करामातल्या पोरांपुढे मी जो होतो, तो इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. घरी जायचो तो बॅग, इस्त्रीचे कपडे आणि अभ्यासाची चौकशी घेऊन. महिन्याभरात ते कसं बदलणार?

परत आलो तर साहेबांची कतारला बदली झालेली. नाटकाचं पुढे कुणी मनावर घेतलं नाही. रविवारी आता मी कपडे धुतो, भाजी आणतो, झोपतो. त्या मुलीचा आवाज एकदा वहिनींच्या फोनवर मागून ऐकला. ती घाईत होती.

या हिवाळ्यात बायकोकडून कळलं, मुलाने शाळेच्या संमेलनात काम केलं. होऊन गेल्यावर कळलं. तिने व्हिडिओ पाठवला, पण तिच्यापुढे उंच माणसं बसली होती. मला त्यांची डोकी दिसली आणि हसणं ऐकू आलं. मी त्याला फोन केला. आज अभ्यासाचं काढलं नाही. विचारलं, "कुठे हसले लोक?"

तो म्हणाला, "मिशी पडली तिथे." आणि सांगायला लागला. मिशी भाताच्या शितांनी चिकटवली होती, घामाने सुटली. त्याने ती उचलून खिशात ठेवली आणि उरलेलं भाषण तसंच केलं. मुख्याध्यापकसुद्धा हसले. मी विचारलं, "तू हसलास का?" तो म्हणाला, "नाही. मी कशाला हसू? मी सरपंच होतो."

तो बराच वेळ बोलत होता. मी भिंतीकडे तोंड करून, कॉटवर बसून ऐकत होतो. मग मित्र हाका मारायला लागले, तेव्हा "ठेवतो" म्हणाला.