वैशालीचा सांगावा

वैशाली स्वतःच्या हातांवर बसत असे. दुपारी चहाच्या वेळी ती वरच्या मजल्यावरून खाली यायची, एक फोन माझ्या हातात द्यायची, समोरच्या खुर्चीत बसायची आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ठेवायची. मग म्हणायची, "काकू, मी इथं नाहीच असं समजा. तुमच्या बहिणीला विचारा, जेवण झालं का." मी पडद्याकडे बघत राहायचे. कुठे दाबायचं, कुठे बोलायचं, काही लिहिलेलं नसायचं, नुसती चित्रं. मी मदतीसाठी तिच्याकडे बघितलं की ती फिरणाऱ्या पंख्याकडे बघायची. माझं बोट भलत्याच चित्राकडे गेलं की तिचे खांदे पुढे यायचे, पण हात बाहेर यायचे नाहीत.

पहिल्यांदा मला तो उद्धटपणा वाटला. शिकवायचं असेल तर शिकव, या वयात परीक्षा कसली घेतेस, असं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "परीक्षा तुमची नाही काकू, बटणाची चाललीय. तुम्ही चुकलात की बटण नापास."

अन्वी, ईशान, तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत. तुमच्या बाबाच्या जुन्या खोलीत ती भाड्याने राहायची. बागलाणातल्या शेतकरी घरातली, पस्तिशीची, जिन्याच्या पायऱ्या गाळत चढणारी. आधी अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायची. ती नोकरी सोडून ती एकटीच एक ॲप तयार करत बसली होती. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पुस्तक छापून आलं की ते पुरं झालं, हीच माझी समजूत. महिन्या-दोन महिन्यांनी बदलतं आणि तरी तेच राहतं, असलं काही मी कधी हाताळलं नव्हतं. त्यामुळे मी तिला सारखं काहीतरी विचारत असे, आणि तिला विचारलेलं आवडत असे.

ॲपचं नाव होतं 'सांगावा'. तिच्या वडिलांच्या द्राक्षबागेत पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून मजूर यायचे. घरी काही कळवायचं असलं तर गावाकडे निघालेल्या माणसाजवळ तोंडी सांगायचे. तो सांगावा. माणूस वाटेत विसरला, किंवा मध्येच पाहुण्यांकडे उतरला, की सांगावा तिथेच राहायचा. वैशालीने हे लहानपणापासून पाहिलं होतं. तिच्या ॲपमध्ये फक्त बोलायचं आणि सोडून द्यायचं. रेंज नसेल तर बोलणं फोनमध्ये थांबून राहतं, रेंज मिळाली की आपोआप पुढे जातं. वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नाही, म्हणून बोलणं समोरच्या फोनमध्ये गेलं की ॲपमधून एक आवाज यायचा, "पोचला." तो आवाज तिचाच होता. माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सर बंद ठेवायला लावून तिने तो रेकॉर्ड केला होता.

ॲप लोकांच्या फोनवर जातं कसं, हेही मी तिच्याकडून समजून घेतलं. मोबाइलमधलं जे ॲपचं दुकान असतं, त्याच्याकडे आधी ते तपासायला द्यावं लागतं. एकदा दुकानाने परत पाठवलं. मायक्रोफोन कशासाठी वापरता, याचा खुलासा हवा होता. वैशाली वैतागली. "बोलायच्या ॲपला मायक्रोफोन कशाला, असं विचारतात. उद्या विचारतील, पाटा आहे तर वरवंटा कशाला." मग मीच तिला स्वच्छ इंग्रजीत खुलासा लिहून दिला, चार ओळींचा. तो मंजूर झाला, आणि त्यानंतर दुकानाशी होणारा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

अपडेट सोडायचा दिवस ठरलेला असायचा, बुधवारच्या आदला. डोंगरातल्या त्या भागाचा बाजार बुधवारी भरतो, आणि त्याच दिवशी तिथल्या फोनना रेंज मिळते, एवढं तिला आकड्यांवरून दिसत असे. मंगळवारी संध्याकाळी ती शेवटचं बटण दाबायची आणि आईला फोन लावायची. आईशी ती अहिराणीत बोलायची. "माय, मी बरी शे," एवढंच मला जिन्यातून ऐकू यायचं, आणि पुढे नुसतं हसणं.

त्या वर्षी द्राक्षाची काढणी ऐन भरात असताना तिने एक मोठा बदल केला. कुणाचा फोन हरवला तर भलत्याने आपलं घरगुती बोलणं ऐकू नये, म्हणून अपडेट झाल्यावर ॲप एकदा नंबर पडताळून बघणार होतं. आपल्या नंबरावर आकडे येणार, ते ॲप स्वतःच वाचणार, की दार उघडलं. माझ्यावर प्रयोग झाला. आकडे लगेच आले, दार उघडलं, तोवर माझा चहासुद्धा गरमच होता. तिने दिंडोरीकडच्या बागांमध्ये जाऊन तिथल्या मजुरांवरही प्रयोग केला, हातांवर बसून. एकही जण अडला नाही. मंगळवारी अपडेट गेलं.

बुधवारनंतर ती गप्प झाली. डोंगरातल्या फोनमध्ये निरोप उतरले होते, पण एकाचंही उत्तर येत नव्हतं. तिला पडद्यावर एवढंच दिसत होतं की माणसं नंबर पडताळायच्या दारापर्यंत आली आणि सगळी तिथेच थांबली. का, ते दिसत नव्हतं. तिने आपल्या बाजूने ती पडताळणी काढून टाकली. झालं तर मग, असं मी म्हटलं. "नाही ना काकू. तो बदल त्यांच्या फोनला कळायला रेंज पाहिजे. रेंज आता पुढच्या बुधवारी." आणि सोडलेलं अपडेट परत का बोलावत नाहीस, या माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, दुकानातून काढता येतं, लोकांच्या खिशातून नाही.

दुसऱ्या दिवशी ती बागांवर विचारायला निघाली. मी बरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला बघायचं होतं.

पेट्या भरायच्या शेडमध्ये कमल भेटली. वीस-बावीसची, दिवस भरत आलेले, द्राक्षाचे घड कात्रीने साफ करत बसलेली. हंगामाला निघताना तिचं आईशी भांडण झालं होतं. अशा अवस्थेत कामाला जाऊ नको, असं आई म्हणाली होती, आणि ही नको ते बोलून निघून आली होती. आता पहिलं बाळंतपण आईजवळ व्हावं असं तिला वाटत होतं. तिने सांगाव्यात सांगितलं होतं, मी चुकले, मला न्यायला ये. 'पोचला' म्हणून आवाजही आला होता. त्यानंतर आईकडून काही नाही.

वैशाली तिला समजावू लागली की आईला ते ऐकताच आलं नसणार, ॲप अडकलं आहे. कमलने कात्री खाली ठेवली नाही. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुमीच बोलल्या ना, पोचला म्हनून? माय ऐकून गप ऱ्हायली. राग हाय तिचा. आता मी नाय जायाची."

वैशालीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. कमलचा नवरा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला की दोन दिवसांपासून ती जेवत नाही. टोळी आठवड्याच्या आत पुढच्या बागेवर जाणार होती, आणखी लांब. बुधवारपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये वैशाली म्हणाली, "उद्या मी जाते तिच्या आईकडे." मी घरी येऊन दशम्या केल्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या, औषधांची डबी पिशवीत टाकली. तिने नको नको म्हणायच्या आत सकाळी मी फाटकाशी उभी होते.

सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढे जीप. कमलची आई, जिजाबाई, अंगणात नागली पाखडत होती. लहान चणीची, आवाज मात्र खणखणीत. वैशालीने आधी ओळख सांगितली नाही की ॲपचं काही बोलली नाही. तिने कमलचा निरोप जसाच्या तसा सांगितला, स्वतःचा एक शब्द न घालता. मी चुकले. मला न्यायला ये. जिजाबाईने सूप खाली ठेवलं. मग डोळे पुसले आणि वैशालीचा आवाज ओळखून तिला वरून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "तुमीच काय त्या मोबाइलवाल्या? तुमच्या सांगाव्याला पाय फुटलं म्हनायचं."

वैशाली हसली नाही. तिने विचारलं, आकडे मागितल्यावर तुम्ही काय केलं? जिजाबाईने घरातून फोन आणला. जावयाचा जुना, काचेला तडा गेलेला. "कसलं आकडं? यात सिम नाय. सिम जावयाच्या नव्या फोनात. ह्यो माझ्याकडं नुसता ऐकायला."

मग बुधवारी रेंज कुठून मिळते? तर जीपवाला बाजारात जीप लावली की आपल्या फोनवरून सगळ्यांना नेट सोडतो. बाया-बापड्या आपापले फोन घेऊन जीपभोवती बसतात, निरोप उतरवून घेतात, बोलायचं ते बोलून ठेवतात, आणि मग मिरच्या-मीठ घ्यायला जातात. घरोघरी हेच. नवा फोन आणि सिम कमावणाऱ्याबरोबर खाली जातं, जुना फोन सिमशिवाय वर राहतो. जिजाबाईला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. ती आत गाठोडं बांधायला निघून गेली होती.

वैशाली ओट्यावर बसली. "म्हणजे आकडे गेले ते जावयाकडे," ती म्हणाली. "काकू, कमल त्या आकड्यांच्या शेजारी बसून रडत होती."

खरंच तसंच होतं. संध्याकाळी आम्ही जिजाबाईला घेऊन बागेवर पोचलो, तेव्हा जावयाने फोन काढून दाखवला. बुधवारचे आकडे त्यात पडून होते. कुठल्यातरी जाहिरातीचे असतील म्हणून त्याने सोडून दिले होते. शेडच्या दारात आई उभी बघून कमल आधी उठलीच नाही. जिजाबाई तिच्याजवळ गेली, तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "तुझं मी काय ऐकलंच नवतं, बाय. राग कुठून येनार?" मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, त्यांच्या बोलीत, आणि मला पुढचं समजलं नाही. वैशाली लांब द्राक्षाच्या रांगेत उभी होती, पाठमोरी.

पुढच्या अपडेटसाठी माझं स्वयंपाकघर पुन्हा लागलं. मिक्सर बंद. या वेळी दोन आवाज रेकॉर्ड झाले. बोलणं समोरच्या फोनमध्ये नुसतं उतरलं तर ॲप म्हणणार, "फोनमध्ये गेला, अजून ऐकला नाही." माणसाने ते शेवटपर्यंत ऐकलं, तरच "ऐकला." 'पोचला' हा शब्द तिने काढूनच टाकला. मी म्हटलं, पहिलं वाक्य फार लांब आहे, लोक कंटाळतील. ती म्हणाली, "कंटाळू द्या. खरं आहे तेवढं लांब आहे."

कमलला मुलगी झाली, आईच्या घरी. ती बातमी मला सांगाव्यावरच कळली. एक रडणारं बाळ आणि मागे जिजाबाईचा खणखणीत आवाज, कुणालातरी पाणी तापवायला सांगणारा.

पावसाळा सरल्यावर वैशालीने खोली सोडली. तिने त्या बाजाराच्या गावी, जीप लागते तिथे, एक खोली घेतली. मी रागावले, म्हणजे नाराज झाले. इथे नेट आहे, वीज आहे, दुकानाला इंग्रजीत उत्तरं द्यायला मी आहे. ती सामान बांधता बांधता म्हणाली, "उत्तरं तुम्हीच द्यायची काकू, ती सुटका नाही. पण अर्धी माणसं मी कधी बघितलीच नव्हती. इथून दिसत नाहीत." आता अपडेट आधी जीपभोवतीच्या बायकांकडे जातं, मग बागांवर, आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे. माझ्यापर्यंत येईतो नापास व्हायचं ते बटण होऊन गेलेलं असतं.

तुम्हा दोघांना हे सगळं लिहायचं कारण एवढंच. तुमची दुपार ती माझी रात्र. मी तुम्हाला काही पाठवते, शेजारी खुणा उमटतात, आणि कधी दोन दिवस, कधी पाच दिवस उत्तर येत नाही. पूर्वी मी त्या खुणांकडे बघून मनाशी पुष्कळ काही जुळवत बसायचे. कंटाळली असतील, माझं काही लागलं असेल, मराठी समजत नसेल. आता नाही. परवा ईशानला त्याच्या परीक्षेबद्दल विचारलं, त्यावर अजून काही आलेलं नाही. माझा फोन काहीही म्हणो, मी धरून चालले आहे की त्याने ते अजून ऐकलेलं नाही. आणखी दोन दिवस वाट बघेन, मग सरळ फोन लावेन.