पाटलांची बाटली

आमच्या धामणगावात मधुमेहाच्या संशोधनासाठी एक डॉक्टर आले होते. घरोघरची लघवी निळ्या औषधात उकळून, एक डोळा मिटून ते नळी उन्हात धरत. साखर असली की रंग विटकरी होई.

पाटलांच्या पायाची जखम चिघळत चालली होती. पण कुठलंच काम स्वतः न करणाऱ्या पाटलांनी बाटलीही गड्याकडूनच भरून घेतली. रंग निळाच राहिला.

"पाह्यलं, डाक्टरसायब? मले साखर नाही!"

डॉक्टरांनी गोठ्यामागं लागलेल्या मुंग्यांकडे बोट दाखवलं. "तिथं लघवीला कोण बसतं?"

"मीच. काऊन?"

"मग ही बाटली दुसऱ्याची आहे. पाय वाचवायचा असेल, तर एवढं काम स्वतः करा."

पाटील लंगडत गोठ्यामागं गेले. गावानं त्यांना काम करताना पहिल्यांदाच पाहिलं.