गाडी कोण चालवत होतं

आमच्या घरात पाहुण्यांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मी पुलाच्या चढावर गाडी मागे सोडली आणि एका बाईचा पाय मोडला, ती गोष्ट. सांगतो माझा नवरा, आणि सांगतो फार रंगवून. माझा घाबरलेला चेहरा, पोलिसाचं हसणं, सगळं हुबेहूब करून दाखवतो. पाहुणे हसतात. मी चहा आणायला उठते.

गाडी तो चालवत होता.

मी महूची. आजोबा फौजेत होते, वडीलही फौजेत ट्रकवर ड्रायव्हर. लग्नाआधीच वडिलांनी मला छावणीतल्या चढउतारांच्या रस्त्यांवर जीप शिकवली होती आणि स्वतः नेऊन लायसन काढून दिलं होतं. नवरा अकोल्याकडचा, नोकरीसाठी इंदूरला आला आणि इथलाच झाला. सुदामा नगरात घर झाल्यावर गाडी घ्यायची ठरली, तेव्हा त्याने ऑटोमॅटिक घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, "हिच्यासाठी घेतली. हिला क्लच जमत नाही." मला क्लच चांगला जमत होता. पण किल्ली त्याच्याच खिशात असायची.

शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "सर, इसमें आपको कुछ करना ही नहीं है." हे वाक्य नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं. आमच्या गाडीत क्लचचं काम मशीन करतं. त्यामुळे चढावर ब्रेकवरून पाय उचलला की गाडी पुढे जायच्या आधी क्षणभर विचार केल्यासारखी थांबते, आणि तेवढ्यात मागे घसरते. मी हे त्याला दोनदा सांगून पाहिलं. "ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक," तो म्हणाला. "तुझ्या बाबांची जीप नाही ही."

त्या रविवारी आम्ही महूहून परत येत होतो. मुलगी मागे बसली होती, तेव्हा चौथीत होती. रेल्वेच्या पुलावर चढतानाच जाम लागला. गाडी अर्ध्या चढावर उभी. ब्रेक न दाबता नवरा अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागेवर धरून होता. ती कुरकुरत होती, थोडी पुढे, थोडी मागे.

"अहो, हँडब्रेक ओढा ना," मी म्हटलं.

"गप बस जरा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन खाली, गिअरपाशी पडला होता. तो घ्यायला वाकला आणि पाय सुटला. गाडी मागे गेली. फार नाही, हातभर गेली असेल. पण मागे स्कूटर होती.

मी उतरून धावले. स्कूटर आडवी पडली होती, तिच्यावरचा माणूस बाजूला उभा राहून ओरडत होता आणि त्याच्या बायकोचा पाय स्कूटरखाली होता. ती ओरडत नव्हती. दातात पदर धरून बसली होती. आम्ही तिघाचौघांनी स्कूटर उचलली. वाट काढत पोलीस आला आणि त्याने विचारलं, "गाडी कौन चला रहा था?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं असेल-नसेल, नवरा म्हणाला, "मैडम चला रही थीं. अभी नई-नई सीखी हैं."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतक्या सहज म्हणाला, की मलाच क्षणभर आपण कुठे बसलो होतो ते आठवावं लागलं. मुलगी दार उघडून माझ्याजवळ येऊन उभी होती. "आई, पण गाडी तर बाबा..." मी तिचा हात घट्ट दाबला.

"अरे मैडम," पोलीस हसून म्हणाला, "ऑटोमेटिक में भी?" गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "भिया, लेडीज़ के हाथ में गाड़ी दोगे तो यही होगा." नवरा त्यांच्यात मान हलवत उभा होता.

घरी आल्यावर कळलं की त्याचं लायसन संपलेलं होतं. "तुझं चालू आहे," तो म्हणाला, "आणि बाईमाणसाला कुणी फार बोलत नाही. मिटलं ना सगळं?" तक्रार झाली नाही, हे खरं. त्या स्कूटरवाल्या नवराबायकोने आमच्याशी आपसात मिटवून घेतलं. मी त्याला एवढंच म्हणाले की निदान मला विचारायचं तरी. त्यावर तो म्हणाला, "विचारायला वेळ होता का?" आणि टीव्ही लावला.

पुढच्या रविवारी वडील महूहून बसने आले. त्यांना नवऱ्याने फोनवर सांगितलंच होतं. चहासुद्धा न घेता म्हणाले, "चल बेटा, गाडी काढ."

आम्ही त्याच पुलावर गेलो. सकाळची वेळ होती, वाहनं तुरळक. अर्ध्या चढावर त्यांनी गाडी डाव्या कडेला लावायला सांगितली.

"ब्रेक दाबून ठेव. आता हँडब्रेक ओढ, पूर्ण. मग ब्रेकवरून पाय काढ आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाब. घाई नको. गाडी पुढे ओढ घेतेय असं वाटलं की मगच हँडब्रेक सोड. आणि उभी ठेवायची तर ब्रेकवर ठेवायची, अॅक्सिलरेटरवर नाही. क्लच जळतो."

मी केलं. गाडी बोटभरही मागे गेली नाही. त्यांनी पुन्हा करायला लावलं, परत परत. गाडी दर वेळी सरळ वर जात होती. शेवटी ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुला येतंय की," ते म्हणाले. "मग त्या दिवशी काय झालं?"

सांगितलं असतं तर ते तिथून थेट जावयासमोर जाऊन उभे राहिले असते. पुढचं मला नको होतं. मुलगी लहान होती. मी म्हटलं, "घाबरले, बाबा." त्यांनी मान हलवली. आई नंतर म्हणाली की ते त्या दिवशी घरी जाऊन म्हणाले, चढावरचं शिकवताना माझंच काहीतरी राहून गेलं. त्याच समजुतीत ते गेले. या गोष्टीसाठी मी नवऱ्याला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

ती बाई देपालपूरची होती. महिनाभराने मी तिला भेटायला गेले, एकटीच, बसने. ती घरी ब्लाऊज शिवायची. पायमशीन भिंतीला सरकवून ठेवलेलं होतं, त्यावर कपड्यांचा ढीग. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. तिने मला खुर्ची दिली, सासूला पाणी आणायला सांगितलं. मी माफी मागायला लागले, तर ती म्हणाली, "दीदी, आप क्यों माफ़ी माँग रही हो? मैंने तो शीशे में देखा था. भैया चला रहे थे."

मी विचारलं, मग तिने पोलिसाला का नाही सांगितलं?

"आपने भी तो कुछ नहीं बोला," ती म्हणाली. रागाने नाही. मग मुलीची चौकशी केली, कितवीत आहे, वगैरे. निघताना तिने मला पुन्हा यायला सांगितलं नाही.

आता मुलगी नोकरीला आहे. मागच्या दिवाळीनंतर तिचं ठरलं आणि होणारा जावई आईवडिलांसोबत घरी आला. जेवणं झाल्यावर गोष्टी निघाल्या, आणि या वेळी ती गोष्ट सांगितली मुलीने. बापासारखीच, हातवारे करत. "आईने ना, एकदा पुलावर..."

पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "तू मागे बसली होतीस. बाबा चालवत होते. तूच म्हणाली होतीस."

ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. "नाही गं आई. मला पक्कं आठवतंय, तू स्टीअरिंगवर होतीस. रडत होतीस."

मी नवऱ्याला आत बोलावलं आणि त्याला विचारलं. मी त्याचा चेहरा नीट पाहिला, इतक्या वर्षांत मला तो वाचता येतो. त्यात लबाडी नव्हती. "अगं, तूच चालवत होतीस," तो समजुतीने म्हणाला. "एवढी जुनी गोष्ट. कोण काय म्हणतंय तुला?"

"आई, प्लीज़, आज नको," मुलगी म्हणाली.

मी हात पुसले. पाहुण्यांना हॉटेलवर सोडायचं होतं. त्यांचं सामान होतं म्हणून नवरा घरीच थांबला, किल्ली मी घेतली. होणारा जावई माझ्या शेजारी बसला. हॉटेलच्या दाराशी चढत जाणारा रस्ता चांगलाच उभा होता आणि पुढे एक गाडी अडकली होती. मी थांबले, हँडब्रेक ओढला.

त्याने दाराच्या वरची आधाराची कडी धरली.

"वाटलं तर इथेच उतरा," मी म्हटलं.

"नाही, नाही, आंटी," तो म्हणाला. पण कडी त्याने सोडली नाही.