साडूभाऊंची इलेक्शन ड्यूटी

निवडणुकीची ड्यूटी लागली म्हणून पेढे वाटणारा सरकारी नोकर सबंध हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. निवडणूक जाहीर झाली की लखनऊच्या कचेऱ्यांत कुणाची कंबर धरायची, कुणाची सासू अत्यवस्थ व्हायची, डॉक्टरांच्या दाखल्यांना ऊत यायचा. साडूभाऊ मात्र ऑर्डर यायच्या आधीच निशातगंजच्या घरी बॅग भरून बसत. तिच्यात सुतळी, लाख, मेणबत्ती आणि केंद्राध्यक्षांसाठी आयोगानं काढलेली पुस्तिका. ती त्यांना इतकी पाठ होती की घरात भाजी कुठली करायची यावरही ते गुप्त मतदान घेत. एकदा कारलं निवडून आलं आणि माझ्या मेव्हणीनं फेरमोजणी मागितली, तेव्हा त्यांनी तिला लेखी अर्ज द्यायला सांगितलं. आम्ही हसायचो. त्यावर ते म्हणत, "माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते जी. पण पेटीत त्याची चिठ्ठी अन् पाटलाची चिठ्ठी सारखीच." मग हसणं आपोआप थांबायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका निवडणुकीत मी त्यांच्याच हाताखाली आलो. अमीनाबादजवळची शाळा, ते केंद्राध्यक्ष, आणि माझ्यापुढे मतदारयादी. माझं काम एवढंच, की आलेल्या माणसाचं नाव शोधायचं आणि त्याखाली रेघ ओढायची. टेबलावर चहाचा कप ठेवायलाही साडूभाऊंची बंदी होती. दुपारी पुरी-सब्जी खाऊन मी परत बसलो आणि मला डुलकी लागली. थोड्या वेळानं रामदुलारी नावाची एक म्हातारी काठी टेकत आली. तिच्या नावाखाली रेघ आधीच होती. वरच्या ओळीतली बाई मघाशी मत देऊन गेली होती, आणि तिचं नाव कोरं. डुलकीत माझी रेघ एक ओळ खाली गेली होती, हे मला तत्क्षणी कळलं.

साडूभाऊंनी म्हातारीला चार प्रश्न विचारले आणि बाई खरी आहे अशी खात्री करून घेतली. मग ते माझ्याकडे वळले. "रेघ चुकली तर नाही ना? चुकली असंन तर आत्ताच सांगा. दुरुस्त करता येते." उमेदवारांचे प्रतिनिधी टक लावून माझ्याकडे पाहत होते. "नाही," मी म्हणालो, "हिच्या नावावर कुणीतरी देऊन गेलं असेल."

मग नियमाप्रमाणे म्हातारीची मतपत्रिका पेटीत न जाता वेगळ्या लिफाफ्यात गेली. तसली मतं मोजत नाहीत. "भैया, सबका डिब्बे में, हमारा लिफाफे में काहे?" तिनं विचारलं. ज्यांना पुस्तिका तोंडपाठ होती, त्यांनी उठून फक्त हात जोडले.

संध्याकाळी साडूभाऊंनी डायरीत लिहिलं, "केंद्रावर तोतया मतदान झालं आणि ते मला रोखता आलं नाही." त्यावरून तक्रार झाली, चौकशी झाली, आणि साडूभाऊंना पुन्हा कधी ड्यूटी लागली नाही. पुढच्या निवडणुकीलाही ते बॅग भरून मतदान संपेपर्यंत पोस्टमनची वाट पाहत बसले, मत द्यायलाही गेले नाहीत, असं मेव्हणीनं सांगितलं. मला मात्र बढती मिळून केंद्राध्यक्ष केलं. मला माझी लाज वाटत होती. तेलीबागेतल्या माझ्या घरून सायकलवर येताना कबुलीचे शब्द जुळवायचो, आणि त्यांच्या घरी पोचलो की चहाबरोबर गिळून टाकायचो.

ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीला माझं केंद्र नेमकं निशातगंजात आलं. शाई लावणारा जेवायला गेला म्हणून बाटली घेऊन मीच बसलो होतो. समोर एक डावा हात आला. इस्त्रीच्या बुशशर्टात साडूभाऊ उभे होते. इतकी वर्षं ड्यूटीवर असल्यामुळे आजवर त्यांनी टपालानंच मत दिलं होतं.

"पहिल्यांदाच शाई लागते आहे," ते ओशाळं हसत म्हणाले. मी लावलेली शाई नखावरून ओघळली. "साडूभाऊ, त्या दिवशी ती रेघ..."

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "लोकं उभे आहेत जी," ते हळूच म्हणाले. "केंद्राध्यक्षानं इथं घरचं बोलू नये."

साडूभाऊंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. माझं वाक्य अर्धंच राहिलं. ते पुरं ऐकवायला साडूभाऊंना थांबवायला हवं होतं, आणि मी त्यांना रांगेतून पुढं जाऊ दिलं.