टाकीतल्या सवती

पापनिवेदनाच्या वेळी फादरांना मी आजवर पुष्कळ किरकोळ पापं सांगितली, पण नवऱ्याच्या टाकीत अर्धी गोणी ब्लीचिंग पावडर ओतल्याचं कधी सांगितलं नाही. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

आमचे हे वसईतल्या एका छोट्या सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर होते. वस्तीतल्या मोऱ्या-संडासांचं पाणी तिथे येई आणि साफ होऊन खाडीत जाई. साफ करायचे ते जंतू. टाकीत सतत हवा सोडलेली असे, तिच्यावर हे जंतू जगायचे, घाण खायचे आणि मग गाळ होऊन तळाशी बसायचे. वरचं नितळ पाणी पुढे जायचं. "हेच जेवण खाडीत झालं ना," हे सांगायचे, "तर पाण्यातली सगळी हवा संपेल आणि मासे गुदमरून मरतील." त्याच खाडीत खाली माझी धाकटी बहीण चिंबोऱ्या धरायची, त्यामुळे एवढं मला पटत होतं.

पटत नव्हतं ते कौतुक. मी नवी साडी नेसले तर या माणसाला दिसायची नाही, पण टाकीकडे बघून म्हणायचे, "आज काय सुंदर तपकिरी रंग आलाय!" एकदा तर नाताळच्या जेवणावरून उठून गेले, का, तर हवेचं यंत्र कुरकुरतंय. वर त्या प्रयोगशाळेच्या तरुण मॅडम. दोघं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकात डोकं घालायचे. "मॅडम म्हणाल्या, आपली पिल्लं आज खुशीत आहेत." आपली! मी तीन पोरं वाढवली, त्यांना हे 'तुझा कार्टा' म्हणायचे.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून डबा घेऊन गेले. हे गेटपाशी कुणाशी तरी बोलत उभे. मी टाकीत डोकावले, तर चिखलाचं पाणी! आमच्या वाडीतल्या विहिरीत पावसाळ्यानंतर ब्लीचिंग पावडर टाकली की दोन दिवसांत तळ दिसतो. म्हटलं, मॅडमबाईंना वर्षभरात जमलं नाही ते मी एका दुपारी करून दाखवते. शेडमध्ये अर्धी गोणी होतीच, अगदी शेवटी नितळ पाण्यात थोडी थोडी घालायची ती. मी ती थेट जंतूंच्या टाकीत रिकामी केली आणि पदर खोचून कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत सगळे जंतू मेले. यांनी खाडीकडचं दार बंद केलं, येणारं पाणी राखीव टाकीत वळवलं. ती चार दिवसांत भरणार होती. तोवर नवे जंतू नाही जगले, तर घाण तशीच खाडीत सोडावी लागणार. मी घाबरून बहिणीला फोन केला.

"गो बाय, तू पान्यात टाकलंस तरी काय?" ती ओरडली. "नवऱ्यावर राग आला तर त्याच्या चहात मीठ घाल, माज्या खाडीला कशाला मारतेस?"

दुसऱ्या केंद्रावरून जिवंत गाळाचा टँकर आला. नव्या जंतूंना खायला शेण आणि गूळ लागतो म्हणे, आणि ते कालवायचं काम माझ्याकडे. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात, आणि सवतींना गुळाची न्याहारी भरवतेय मी!

चौथ्या सकाळी राखीव टाकी काठोकाठ आली. मॅडमनी हाक मारली, "काकू, या, बघा." मी एक डोळा मिटून बघितलं. इवल्याशा सवती गरागरा फिरत होत्या. दुपारी दार उघडलं, खाडीत गेलं ते नितळ पाणी.

घरी येताना मला राहवलं नाही. म्हटलं, "या सवतींवर लावलात एवढा जीव माझ्यावर कधी लावला नाहीत."

हे थांबले आणि म्हणाले, "तू माझ्यावाचून महिनाभर मजेत राहशील, वर शेजारणीला सांगशील की घर कसं शांत वाटतंय. त्यांची हवा काही तास बंद पडली तर त्या मरतात. मग आता तूच सांग, आधी कुणाकडे धावू?"